प्रसूतीनंतर सुटलेला स्नायू सोनोग्राफीत कसा दिसतो? माझा अहवाल आणि काही प्रश्न

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. हा विषय घरातही मोकळेपणाने बोलला जात नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी माझी पहिली प्रसूती झाली. कळा द्यायचा टप्पा फार लांबला, बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होऊ लागले आणि शेवटी चिमटा लावून बाळ काढावे लागले. बाळाचे वजन ३ किलो ४०० ग्रॅम होते. त्या क्षणी डॉक्टरांनी जे केले ते बाळासाठी आवश्यकच होते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सव्वा महिन्याने तपासणी झाली तेव्हा टाके व्यवस्थित भरल्याचे सांगण्यात आले. पाचव्या महिन्यापासून मात्र संध्याकाळ झाली की खाली जडपणा जाणवू लागला. दिवसभर उभे राहिल्यानंतर बसले की आपण एखाद्या छोट्या चेंडूवर बसलो आहोत असे वाटायचे. मुलीला कडेवर घेऊन जिना चढताना आतून काहीतरी खाली सरकते आहे ही भावना इतकी स्पष्ट असायची की मी मधल्या पायरीवर थांबून जायची.

तीन ठिकाणी दाखवले. एकीकडे वजन कमी करायला सांगितले, दुसरीकडे बाळंतपणानंतर सगळ्यांनाच असे होते असे सांगितले, आणि तिसरीकडे केगेलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे, व्यायाम लिहून दिले. ते मी आठ महिने नेमाने केले. आवळताना डावीकडे काहीतरी ओढले जात आहे असे कळायचे, पण उजवीकडे काहीच जाणवत नसे. फरक पडत नाही हे सांगितल्यावर तुम्ही व्यायाम नीट करत नसाल असे उत्तर मिळाले, आणि मला ते खरेही वाटू लागले.

अखेर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी बोटाने तपासून शंका व्यक्त केली आणि बाहेरून करावयाच्या विशेष सोनोग्राफीसाठी चिठ्ठी दिली. तपासणीला वीस मिनिटे लागली. अहवालात लिहिले आहे की उजव्या बाजूचा प्युबोरेक्टालिस स्नायू जघनास्थीपासून (ओटीपोटाच्या समोरच्या हाडापासून) पूर्णपणे सुटलेला आहे. मूत्रमार्गापासून स्नायूपर्यंतचे अंतर उजवीकडे २.९ आणि डावीकडे १.९ सेंटिमीटर आहे, आणि खाली जोर दिल्यावर स्नायूमधल्या फटीचे क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटिमीटर होते.

या आकड्यांचा अर्थ काय, हे इतके दिवस कोणाला कसे दिसले नाही, आणि आता पुढे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निनाद

रानजाई ताई, मी सोनोलॉजिस्ट आहे आणि ही तपासणी नियमित करते. तुमचा अहवाल नीट केलेला दिसतो, त्यामुळे त्याच्याच आधाराने लिहिते.

ओटीपोटाच्या तळाशी जो स्नायूंचा पडदा असतो त्याला लेव्हेटर एनाय म्हणतात. त्याचा सर्वांत आतला आणि सर्वांत कामाचा भाग म्हणजे प्युबोरेक्टालिस. बाळाची झोळी दोन खुंट्यांना बांधलेली असते तसा हा स्नायू समोरच्या जघनास्थीच्या उजव्या आणि डाव्या बाजूला चिकटलेला असतो आणि मागे गुदाशयाला वळसा घालून येतो. या झोळीच्या मधल्या फटीतून मूत्रमार्ग, योनी आणि गुदाशय खाली उतरतात. स्त्रीच्या शरीरातली ही सर्वांत मोठी नैसर्गिक फट आहे आणि ती बंद ठेवण्याचे काम हा एक स्नायू दिवसभर, आपल्या नकळत, करत असतो.

प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके याच फटीतून बाहेर येते. डोके जाण्यासाठी सुमारे ७० ते ९० चौरस सेंटिमीटर जागा लागते. मिशिगन विद्यापीठातील अभियंते आणि डॉक्टर यांनी २००४ साली संगणकावर या स्नायूचे प्रारूप तयार केले, तेव्हा त्याचा सर्वांत आतला भाग मूळ लांबीच्या सव्वातीन पट ताणला जातो असे दिसले. शरीरातला दुसरा कोणताही स्नायू इतका ताण सहन करणार नाही. गरोदरपणातील बदलांमुळे बहुतेक स्त्रियांमध्ये तो हे सहन करतो, ही खरे तर आश्चर्याची गोष्ट आहे. काही जणींमध्ये मात्र झोळीचे एक टोक, कधी दोन्ही टोके, हाडापासून निखळतात. यालाच अव्हल्शन म्हणतात. योनीमार्गे प्रसूती झालेल्या स्त्रियांमध्ये याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १० ते ३६ टक्के आढळले आहे. चिमटा लावण्याचे प्रमाण, स्त्रियांचे वय आणि मोजण्याची पद्धत यांनुसार हे आकडे बदलतात.

आता दिसले का नाही, याविषयी. योनीची आतली त्वचा या स्नायूपेक्षा अधिक ताणली जाऊ शकते. त्यामुळे वरची त्वचा शाबूत राहते आणि तिच्या मागे स्नायू सुटतो. रक्तस्राव दिसत नाही, टाके घालण्यासारखी जखम दिसत नाही. तुमचे टाके उत्तम भरले होते हे डॉक्टरांचे म्हणणे खरेच होते, फक्त ते टाके दुसऱ्या थराचे होते. ही इजा बोटाने ओळखता येते हे हॉवर्ड गेनी यांनी १९४३ सालीच लिहिले होते, पण त्यानंतर सुमारे साठ वर्षे त्याकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. २००३ मध्ये मिशिगनच्या जॉन डिलॅन्सी यांनी एमआरआय वापरून ८० अप्रसूत आणि १६० प्रथम प्रसूत स्त्रियांची तुलना केली. अप्रसूत स्त्रियांपैकी एकीतही असा दोष नव्हता आणि प्रसूत स्त्रियांपैकी ३२ जणींमध्ये, म्हणजे २० टक्क्यांमध्ये, तो दिसला. २००५ मध्ये सिडनीचे हान्स पीटर डीट्झ यांनी त्रिमितीय सोनोग्राफीने त्याच स्त्रिया प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर तपासल्या. योनीमार्गे प्रसूत झालेल्या ३९ जणींपैकी १४ जणींमध्ये स्नायू सुटलेला आढळला. आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवता आल्यामुळे ही इजा प्रसूतीतच होते याबद्दल शंका उरली नाही.

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. झोळीचे एक टोक सुटले आहे हे वाचून डावीकडेच ओढ का जाणवत होती ते पहिल्यांदा समजले. आकड्यांबद्दलही लिहाल का? आणि एमआरआय अधिक चांगला नाही का?

निनाद

एमआरआयमध्ये स्नायू सुंदर दिसतो, पण खर्च अधिक येतो, आणि जोर देताना किंवा आवळताना काय घडते ते प्रत्यक्ष पाहणे तेथे अवघड असते. सोनोग्राफीत हालचाल समोर दिसते. शिवाय पोटातल्या बाळाचा चेहरा दाखवण्यासाठी जो त्रिमितीय प्रोब (यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग) वापरतात, तोच प्रोब येथे चालतो. म्हणजे मोठ्या शहरांतील बऱ्याच केंद्रांत यंत्र आधीच आहे. उणीव आहे ती प्रशिक्षणाची.

तपासणी कशी होते तेही लिहिते, कारण अनेक जणी केवळ भीतीपोटी येत नाहीत. लघवी करून यायचे, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि टाचा जवळ घ्यायच्या. प्रोबवर हातमोजा किंवा आवरण चढवून, जेल लावून तो बाहेरूनच, दोन्ही भगोष्ठांच्या (योनीद्वाराच्या बाहेरच्या ओठांच्या) मधे उभा टेकवतात. आत काहीही घालावे लागत नाही. पडद्यावर प्रथम मधला उभा छेद दिसतो. समोर जघनास्थीचा सांधा, मग मूत्रमार्ग आणि मूत्राशय, मग योनी, आणि शेवटी गुदाशय व गुदमार्ग यांचा कोन. या कोनाच्या मागे पांढुरका दिसणारा पट्टा म्हणजे आपला स्नायू.

त्यानंतर तीन अवस्थांमध्ये चित्रे घेतात: स्वस्थ असताना, लघवी रोखल्यासारखे आवळताना, आणि शौचाला बसल्यासारखा खाली जोर देताना. हा जोर किमान सहा सेकंद टिकावा लागतो. येथे सर्वांत मोठी चूक होते. अनोळखी खोलीत, अनोळखी व्यक्तीसमोर, लघवी किंवा वारा सुटेल या भीतीने स्त्री जोर देता देता स्नायू आवळून धरते. मग फट मोठी होण्याऐवजी लहान दिसते, मूत्राशय खाली उतरत नाही, आणि सर्व ठीक असल्याचा अहवाल हातात पडतो. मी हा प्रयत्न किमान तीन वेळा करून घेते, पडदा स्त्रीकडे वळवून तिला दाखवते, आणि गळती झाली तरी चालेल, खाली कागद अंथरला आहे, हे आधीच सांगते. एवढ्या एका वाक्याने चित्र बदललेले मी पाहिले आहे. फट मोजताना जघनास्थीच्या मागच्या कडेपासून स्नायूच्या पुढच्या कडेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर असलेली पातळी निवडतात आणि त्या पातळीत क्षेत्रफळ काढतात. जोर दिल्यावर ते २५ चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक झाले तर फट प्रमाणाबाहेर फुगते असे मानतात. २५ ते ३० सौम्य, ३० ते ३५ मध्यम, ३५ ते ४० ठळक आणि ४० च्या पुढे तीव्र. तुमचे ३१ मध्यम गटात येते.

स्नायू सुटला आहे का हे पाहण्यासाठी आवळलेल्या अवस्थेतले त्रिमितीय चित्र घेऊन त्याचे अडीच मिलिमीटर अंतराने आडवे काप पाडतात, पावाच्या लादीचे काप पाडावेत तसे. त्यांपैकी मधले तीन काप निर्णायक असतात: सर्वांत अरुंद पातळीचा, आणि त्याच्या वरचे अडीच व पाच मिलिमीटरवरचे. या तिन्ही कापांत एका बाजूचा स्नायू हाडाला चिकटलेला दिसला नाही, तरच पूर्ण अव्हल्शन म्हणायचे. एखाद्याच कापात दोष असेल तर तो अर्धवट मानायचा. तिन्ही कापांचा हा नियम कठोर वाटतो, पण तो आवश्यक आहे, कारण एखाद्या कापात प्रोब तिरका पडल्यामुळेही स्नायू तुटल्यासारखा भासतो. शंका आली तर मूत्रमार्गाच्या मध्यापासून स्नायूच्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर असेल तर टोक जागेवर नाही असे समजतात. तुमचे उजवीकडचे २.९ आहे. लहान चणीच्या स्त्रीमध्ये मी केवळ या आकड्यावर विसंबत नाही, तिच्याच दुसऱ्या बाजूशी तुलना करते. तुमच्या दोन बाजूंतला एक सेंटिमीटरचा फरक पुरेसा बोलका आहे.

कृष्णाकाठ

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. निनाद यांनी दिलेली माहिती अचूक आहे, पण एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडतो. ज्या इजेवर खात्रीची शस्त्रक्रिया उपलब्ध नाही, ती शोधून काय साधते? सुटलेला स्नायू पुन्हा हाडाला शिवण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष निराशाजनक आहेत. स्नायू सुटलेल्या कितीतरी स्त्रियांना काहीही त्रास नसतो. त्यांच्या हाती असा अहवाल दिला तर त्या आयुष्यभर स्वतःला तुटलेल्या समजतील. माझ्याकडे येणाऱ्या बाळंतिणीला रक्तक्षयाची गोळी वेळेवर मिळणे मला अधिक तातडीचे वाटते.

रानजाई

डॉक्टर, तुमचा मुद्दा मी समजू शकते, आणि त्रास नसलेल्या प्रत्येकीची ही तपासणी व्हावी असे माझेही म्हणणे नाही. पण मला त्रास होता. आठ महिने मी रोज व्यायाम करून रोज स्वतःला आळशी ठरवत होते. अहवाल वाचल्यावर मी रडले हे खरे आहे, पण त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली. माझ्या शरीरात नेमके काय घडले आहे हे कळणे हाच माझ्यासाठी उपचाराचा पहिला भाग होता.

निनाद

कृष्णाकाठ सरांचा आक्षेप रास्त आहे आणि सरसकट चाळणी परीक्षा म्हणून ही तपासणी करावी याच्या बाजूची मी नाही. मात्र अहवालामुळे निर्णय बदलतात हेही तितकेच खरे आहे. डिलॅन्सी यांच्या २००७ च्या अभ्यासात, अंग बाहेर येण्याचा (गर्भाशय, मूत्राशय असे अवयव योनीतून खाली उतरण्याचा) त्रास असलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्के जणींमध्ये या स्नायूची मोठी इजा आढळली, तर तसा त्रास नसलेल्यांमध्ये ती १६ टक्के होती. ज्या स्त्रीचा स्नायू सुटलेला आहे तिच्यावर अंग वर घेण्याची शस्त्रक्रिया केली तर त्रास उलटण्याची शक्यता अधिक असते. हे शस्त्रक्रियेपूर्वी माहीत असेल तर कोणती शस्त्रक्रिया, केव्हा, आणि आधी पेसरी (योनीत बसवून अंगाला आधार देणारे साधन) वापरून पाहावी का, याचा विचार वेगळ्या पायावर होतो.

तुळशीवृंदावन

मी सत्तरीच्या पुढची आहे. माझी चारही बाळंतपणे घरी सुईणीच्या हातून झाली, पहिले १९७४ साली. दुसऱ्या मुलानंतर अंग बाहेर येऊ लागले. पाण्याचा हंडा डोक्यावर घेतला की हाताला लागायचे. कापडाची घडी लावून शेतात कामाला जायचे, सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी त्यांचेही तसेच आहे असे सांगितले. पुढे पन्नाशीत डॉक्टरांनी पिशवी काढली. चार वर्षे बरी गेली आणि पुन्हा गोळा बाहेर येऊ लागला. पिशवीच काढून टाकल्यावर बाहेर येते तरी काय, हे मी कोणाला विचारले नाही. आज सुनेने हे सर्व वाचून दाखवले. इतक्या वर्षांनंतर ते सोनोग्राफीत दिसेल का?

निनाद

आजी, दिसेल. स्नायू एकदा हाडापासून सुटला की तो पन्नास वर्षांनीही सुटलेलाच दिसतो. पिशवी ही वरून खाली उतरणारी वस्तू होती, आणि ज्या फटीतून ती उतरत होती ती फट पिशवी काढल्याने लहान झाली नाही. त्यामुळे आता त्याच फटीतून योनीचा वरचा भाग, मूत्राशय किंवा गुदाशयाची भिंत खाली येत असावी. नेमके काय येते आहे ते याच तपासणीत एका दृष्टिक्षेपात कळते. या वयातही त्यावर उपाय आहेत. योग्य मापाची पेसरी बसवली तर शस्त्रक्रियेशिवायही पुष्कळ आराम मिळतो. कृपया सुनेला बरोबर घेऊन जा आणि जे येथे लिहिले आहे तेच जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रानजाई ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते.

सुटलेले टोक व्यायामाने पुन्हा चिकटत नाही. हे स्त्रीला स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर ती अशक्य गोष्टीची वाट पाहत राहते. पण डावी बाजू शाबूत आहे, उजवीकडचे वरचे तंतूही बहुधा शाबूत असतात, आणि त्यांची ताकद वाढवता येते. देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने, हे ब्रिटनच्या मार्गदर्शक तत्त्वांतले प्रमाण मी पाळते. देखरेखीखाली हा शब्द महत्त्वाचा आहे. कागदावर केगेल असे लिहून दिल्यावर कितीतरी स्त्रिया मांड्या आणि नितंब आवळतात किंवा उलट खाली जोर देतात. त्याबरोबरच खोकला, शिंक किंवा वजन उचलण्याच्या क्षणाआधी स्नायू आवळून धरण्याची सवय लावून घेते. मुलीला उचलताना आधी आवळा, मग श्वास सोडत उचला, हे पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. बद्धकोष्ठ राहू देऊ नका, कारण रोज शौचाला जोर देणे हा त्या फटीवर रोज पडणारा भार आहे.

बोटाने तपासताना मी मूत्रमार्गाच्या शेजारी, हाडाच्या खालच्या कडेवर बोट ठेवून आवळायला सांगते. स्नायू जागेवर असेल तर बोट आणि हाड यांच्या मधे तो घट्ट होताना जाणवतो. सुटलेला असेल तर बोट थेट हाडावरून सरकते. हे कौशल्य शिकायला वेळ लागतो आणि दोन तपासनिसांचे मत नेहमी जुळत नाही, म्हणून शंका आली की मी सोनोग्राफीकडे पाठवते.

एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. काही देशांत फिजिओथेरपिस्ट स्वतः प्रोब हाती धरून स्त्रीला तिचा स्नायू हलताना दाखवतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र केवळ नोंदणीकृत ठिकाणी आणि पात्र डॉक्टरांकडूनच वापरले जाते. ज्या कारणासाठी तो कायदा आला ते लक्षात घेता मला हे बंधन मान्य आहे. म्हणून मी सोनोलॉजिस्टकडे स्त्रीबरोबर स्वतः जाते आणि पडद्याकडे पाहून तिला सूचना देते. एकदा डोळ्यांनी पाहिले की शरीराला ते समजते.

अनामिका २

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. प्रसूतीला सात महिने झाले. जडपणा नाही, पण वारा रोखता येत नाही आणि शौचाची घाई झाली तर धावावे लागते. हेही याच स्नायूमुळे होते का?

निनाद

बहुधा नाही, आणि हा फरक करणे फार आवश्यक आहे. तुमच्या लक्षणांवरून गुदद्वाराभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूंची शंका येते. तेथे आत एक आणि बाहेर एक अशी दोन वर्तुळे असतात. त्याच तपासणीत, प्रोब आडवा फिरवून आणि स्नायू आवळायला सांगून ती दोन्ही पाहता येतात. आतले काळे कडे आणि बाहेरचे उजळ कडे दिसते. वर्तुळाचा ३० अंशांपेक्षा मोठा भाग सहापैकी किमान चार कापांत तुटलेला असेल तर तो लक्षणीय दोष मानतात. अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १९९३ साली गुदमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पहिलटकरणींपैकी ३५ टक्के जणींमध्ये असा दोष दिसला होता, तर प्रसूतीच्या वेळी डोळ्यांना दिसलेल्या मोठ्या जखमा त्याच्या मानाने फारच थोड्या होत्या. कृपया लाजून थांबू नका. हा त्रास डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा, कारण तो आपणहून विचारला जातोच असे नाही.

श्रावणसर

मला सातवा महिना आहे, हे सर्व वाचून मन अस्वस्थ झाले. मग सिझेरियनच करून घ्यावे का? की तेल लावून मालिश केल्याने हे टळते?

कृष्णाकाठ

ताई, याचे उत्तर मी देतो. केवळ सिझेरियन झालेल्या स्त्रियांमध्ये हा स्नायू सुटलेला जवळजवळ आढळत नाही हे खरे आहे. पण सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणावर खोल रुतून बसण्याचा धोका प्रत्येक सिझेरियनबरोबर वाढतो. तो धोका मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि तो जिवावर बेततो. दहापैकी बहुसंख्य स्त्रियांचा स्नायू योनीमार्गे प्रसूतीतही शाबूत राहतो. सर्वांत मोठा धोका चिमट्याचा आहे. व्हॅक्यूमचा, म्हणजे बाळाच्या डोक्याला वाटी लावून ओढण्याचा, त्या मानाने बराच कमी. पहिल्या प्रसूतीच्या वेळचे वाढलेले वय, बाळाचे मोठे डोके आणि लांबलेला दुसरा टप्पा यांचाही वाटा असतो. मालिशने बाहेरची त्वचा फाटण्याचे प्रमाण काहीसे घटते, परंतु आतला स्नायू सुटणे टळते असा पुरावा नाही. फुगा वापरून आधीच ताण देण्याच्या साधनाची मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली, त्यातही बचाव दिसला नाही. तुम्ही आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारा की साधनाची गरज पडली तर ते काय वापरतात आणि का.

दूरदेशी

मी सिडनीत राहते. माझ्या पहिल्या प्रसूतीनंतर येथे हीच तपासणी झाली आणि डावीकडचा स्नायू सुटल्याचे कळले. दुसऱ्या वेळी मी सिझेरियन मागितले, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे समजावले की या स्नायूची बहुतेक इजा पहिल्याच योनीमार्गे प्रसूतीत होते आणि पुढच्या प्रसूतींनी त्यात सहसा फारशी भर पडत नाही. मी साधी प्रसूती निवडली. नंतरच्या सोनोग्राफीत उजवी बाजू शाबूत होती. प्रत्येकीचे असेच होईल असे मी म्हणत नाही, पण रानजाई ताईंना दुसऱ्या बाळाचा विचार करताना हे माहीत असावे.

रानजाई

दूरदेशी ताई, हा प्रश्न माझ्या मनात होता, पण लिहायचे धाडस होत नव्हते. आपण न विचारता उत्तर दिले. माझ्या धाकट्या जावेची प्रसूती तीन आठवड्यांपूर्वी चिमटा लावून झाली आहे. तिची तपासणी लगेच करून घ्यावी का? आणि चिठ्ठीवर काय लिहून घ्यावे? माझ्या वेळी पहिल्या केंद्रात नुसती पोटाची सोनोग्राफी करून परत पाठवले होते.

निनाद

इतक्यात नको. पहिल्या काही आठवड्यांत सूज आणि साकळलेले रक्त यांमुळे चित्र फसवे येते, आणि ताणलेला स्नायू पहिल्या सहा महिन्यांत स्वतःहून पुष्कळ सावरतो. तीन महिन्यांपूर्वी करू नये. मी स्वतः सहा महिन्यांनंतर करणे पसंत करते, आणि तेही तिला काही त्रास असेल तर. तोपर्यंत तिला विश्रांती मिळू द्या, जड उचलू देऊ नका.

चिठ्ठीवर असे लिहून घ्यावे: बाहेरून, भगोष्ठांवरून करावयाची पेल्विक फ्लोअरची त्रिमितीय किंवा चतुर्मितीय सोनोग्राफी, लेव्हेटर अव्हल्शन, फटीचे क्षेत्रफळ आणि गुदद्वाराचे स्नायू पाहण्यासाठी. शेजारी प्रसूतीची तारीख, चिमटा लावला होता ही नोंद, आणि लक्षणे. वेळ घेण्यापूर्वी केंद्राला दूरध्वनी करून ही तपासणी तेथे होते का हे विचारावे. स्त्री गरोदर नसल्यामुळे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यानुसार गरोदर स्त्रीसाठी भरावा लागणारा एफ क्रमांकाचा अर्ज येथे लागू होत नाही, हे काही केंद्रांच्या स्वागतकक्षात सांगावे लागते. मासिक पाळी चालू असली किंवा अंगावर पाजत असली तरी हरकत नाही.

रानजाई

शेवटचा प्रश्न. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यायचे आहे. त्यासाठी पुन्हा सर्व तपासणी करावी लागेल का?

निनाद

बहुधा लागणार नाही. छापील चित्रांवरून काही ठरवता येत नाही, पण त्रिमितीय तपासणीत संपूर्ण आकारमान साठवलेले असते, आणि ती मूळ फाइल मिळाली तर दुसरे डॉक्टर आपल्या संगणकावर तिचे नव्याने काप पाडून मोजमाप करू शकतात. केंद्राकडे चित्रे न मागता मूळ व्हॉल्यूम फाइल मागा, आणि लवकर मागा, कारण जागा भरली की जुन्या फाइली पुसल्या जातात.

रानजाई

आत्ताच दूरध्वनी केला. फाइल अजून आहेत, आवळलेल्या आणि जोर दिलेल्या दोन्ही अवस्थांच्या. मंगळवारी पेन ड्राइव्ह घेऊन जाते आणि दुसरे मत मिळाले की येथेच लिहिते.